विकतचा गुरू

१

खेळ शिकण्यासाठी पैसे खर्चावेत की खर्चू नयेत, हा प्रश्न आपल्याकडे सहसा कोणी विचारीत नाही. ज्याला परवडते तो विचार न करता खर्च करतो. ज्याला परवडत नाही त्याच्यापुढे तो प्रश्न उभाच राहत नाही. पण या दोहोंच्या मध्ये एक वर्ग आहे. आमच्या बीड जिल्ह्यातील तालुक्याच्या गावांत तो पावलोपावली भेटतो. शाळामास्तर, कारकून, कृषिसेवा केंद्र चालवणारा दुकानदार, चार-सहा एकर कोरडवाहू जमीन असलेला शेतकरी. अशा एखाद्या घरात एक मूल बैठ्या खेळात रमणारे निघते. बाप मोबाइलवर चौकशी करू लागतो आणि लगेच त्याच पडद्यावर जाहिरात उमटते : अमुक इतके रुपये भरा, जगज्जेत्यालाही हरवणारा गुरू तुमच्या घरी राहावयास येईल. रक्कम काही हजारांची असते. अशा घरात काही हजार रुपये म्हणजे एका सत्राची फी किंवा एका पिकाच्या बियाण्याचा खर्च होय. बाप घुटमळतो आणि ज्याला या खेळातले काही कळते असा त्याचा समज आहे, अशा माणसाला विचारतो.

अंबाजोगाईला मी काही वर्षे मुलांना हौसेने बुद्धिबळ शिकवतो आणि त्याहून अधिक हौसेने ‘गो’ नावाचा एक पूर्वेकडचा खेळ खेळतो. त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे अनेकदा येतो. तोंडी उत्तर देताना “घेऊ नका” एवढेच म्हणता येते. ते उत्तर बरोबर असले तरी अपुरे आहे, कारण त्यातून ऐकणाऱ्याची अशी समजूत होते की, प्रश्न फक्त पैसे वाचवण्याचा आहे. वस्तुतः प्रश्न यापेक्षा मोठा आहे. विकत मिळते ते नेमके काय, आणि ज्याला आपण शिकणे म्हणतो ते त्यातून घडते काय, याची ही चिकित्सा आहे. ती मी मुद्दाम ‘गो’च्या सॉफ्टवेअरवरून करणार आहे. बुद्धिबळाला आपल्याकडे पुस्तके आहेत, स्पर्धा आहेत, शिकवणारे आहेत. तेथे यंत्राचा वाटा कोणता आणि माणसांचा कोणता हे वेगळे काढता येत नाही. ‘गो’ला आमच्या भागात यांपैकी काहीच नाही. माझ्या गावात मला या खेळासाठी दुसरा गडी मिळालेला नाही. जेथे यंत्राशिवाय दुसरे कोणी नाही, तेथेच यंत्राची खरी परीक्षा होते.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. आपल्याकडे देवळाच्या ओट्यावर खडूने पट आखून वाघबकरी खेळतात. वाघ उडी मारून बकरी खातो. बकरीला उडी नाही. तिने आपल्यासारख्या अनेकींना बरोबर घेऊन वाघाच्या साऱ्या वाटा बंद करावयाच्या. ‘गो’मध्ये वाघ नाहीतच, दोन्ही बाजूंना बकऱ्याच आहेत असे समजा. १९ उभ्या आणि १९ आडव्या रेघांचा पट, म्हणजे ३६१ छेद. एकाचे खडे काळे, दुसऱ्याचे पांढरे. आळीपाळीने एकेक खडा छेदावर ठेवावयाचा. ठेवलेला खडा पुन्हा हलत नाही. त्याच्या लगतच्या मोकळ्या वाटा शत्रूने बंद केल्या की तो मेला आणि पटावरून उचलला गेला. शेवटी ज्याने अधिक मुलूख कोंडला तो जिंकला. चीनमध्ये हा खेळ अडीच हजार वर्षांपूर्वीपासून आहे असे मानतात. कोरिया आणि जपान येथे तो धंदेवाईक खेळाडूंच्या थराला पोचला. नियम अर्ध्या तासात समजतात. पण तो खेळता येण्यास आयुष्य पुरत नाही.

२

पैसे देऊन सॉफ्टवेअर घेणे हे नेहमीच शहाणपणाचे नव्हते असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. १९९७ च्या मे महिन्यात ‘डीप ब्लू’ या यंत्राने बुद्धिबळाचा जगज्जेता कास्पारोव्ह याला साडेतीन विरुद्ध अडीच गुणांनी हरवले. त्या वेळी ‘गो’ खेळणारी यंत्रे बाल्यावस्थेत होती. १९९८ साली मार्टिन म्यूलर या संगणकशास्त्रज्ञाने ‘मेनी फेसेस ऑफ गो’ या त्या काळच्या नामांकित विकतच्या प्रोग्रॅमला २९ खडे आगाऊ दिले आणि तरीही त्याला हरवले. या खेळात दुबळ्याला आगाऊ खडे देण्याची रीत आहे. पण नऊ खडे ही त्याची नेहमीची शेवटची मर्यादा. २९ खडे म्हणजे लहान मुलाशी कुस्ती खेळताना दोन्ही हात पाठीशी बांधून घेण्यासारखे आहे. म्यूलर हौशी खेळाडूंत उत्तम होते, पण व्यावसायिक नव्हते, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

कारण उघड होते. बुद्धिबळात यंत्र पुढच्या चाली मोजू शकते आणि कोण वरचढ आहे याचा ठोकताळा मोहरी मोजून बांधता येतो. ‘गो’मध्ये सगळे खडे सारख्याच मोलाचे, मोजावयाचे काय, हाच प्रश्न. २००६ साली फ्रान्समधील रेमी कूलों यांनी ‘क्रेझी स्टोन’ नावाच्या प्रोग्रॅममध्ये एक निराळी युक्ती योजली. एखादी चाल चांगली की वाईट हे ठरवण्यासाठी त्या चालीनंतरचे हजारो डाव यंत्राने स्वतःशीच झटपट, जवळजवळ अंदाजाने खेळून पाहावेत आणि ज्या चालीनंतर अधिक डाव जिंकले जातात ती निवडावी. या रीतीने यंत्रे झपाट्याने सुधारली. २०१२ साली ‘झेन’ने ताकेमिया मासाकी यांच्याविरुद्ध आणि २०१३ साली ‘क्रेझी स्टोन’ने इशिदा योशिओ यांच्याविरुद्ध चार खडे आगाऊ घेऊन डाव जिंकले. हे दोघेही जपानचे नामवंत व्यावसायिक खेळाडू. ‘झेन’ आणि ‘क्रेझी स्टोन’ बाजारात पैसे देऊन मिळत. फुकट मिळणारा ‘ग्नू गो’ त्यांच्या पासंगालाही पुरत नव्हता. त्या काळात ज्याच्या गावी दुसरा गडी नाही त्याने विकतचा प्रोग्रॅम घेतला, तर त्याने योग्य तेच केले. त्याला पैशाच्या मोबदल्यात बळ मिळत होते आणि ते बळ अन्यत्र मिळत नव्हते.

ही परिस्थिती तीन-चार वर्षांत पूर्णपणे बदलली. मार्च २०१६ मध्ये सोल येथे ‘आल्फागो’ने कोरियाच्या ली सेडोल याला चार विरुद्ध एक असे हरवले. पुढच्या वर्षी चीनमधील वुझेन येथे त्या वेळचा सर्वश्रेष्ठ समजला जाणारा क जिए तीनही डाव हरला. ‘आल्फागो’ कधी विक्रीस आला नाही. पण त्याच्या निर्मात्यांनी २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये आपली रीत शोधनिबंधात प्रसिद्ध केली. मनुष्याचा एकही डाव न दाखवता, केवळ नियम सांगून आणि स्वतःशी खेळवून यंत्र कसे तयार केले, हे त्यात होते. त्या निबंधाच्या आधारे बेल्जियमच्या जियान-कार्लो पास्कुतो यांनी ‘लीला झीरो’ सुरू केला. जगभरच्या हौशी माणसांनी आपापल्या घरचे संगणक रात्ररात्र त्याच्या कामाला लावले. २०१९ साली डेव्हिड वू यांचा ‘काटागो’ आला. तो किती मुलखाने पुढे-मागे आहोत हेही सांगतो, आगाऊ खड्यांचे डावही नीट खेळतो आणि तो फुकट आहे. नुसता फुकट नव्हे, त्याची घडण उघडी आहे. ज्याला पाहावयाची, बदलावयाची असेल त्याला मोकळीक आहे.

म्हणजे ज्या वस्तूसाठी पूर्वी पैसे मोजावे लागत ती वस्तू, म्हणजे बळ, आज विहिरीच्या पाण्यासारखी झाली आहे. ज्याच्याशी खेळून जगातला कोणताही माणूस हरेल असा प्रतिस्पर्धी अंबाजोगाईच्या, केजच्या, गेवराईच्या मुलाला एक पैसाही न देता मिळू शकतो. विकतच्या प्रोग्रॅमचे बळ याहून अधिक असले काय आणि कमी असले काय, शिकाऊ माणसाच्या दृष्टीने त्याला अर्थ नाही. वीस हात खोल पाण्यात बुडणाऱ्याला तळ चाळीस हातांवर आहे हे सांगून काय उपयोग?

३

मग विकले जाते ते काय? या ठिकाणी विक्रेत्यांचे म्हणणे प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. ते म्हणतात, आम्ही बळ विकत नाही. आम्ही समजूत विकतो. तुमचा खेळलेला डाव आमच्या प्रोग्रॅममध्ये घाला. प्रत्येक चालीला तुमची जिंकण्याची शक्यता शेकडा किती होती, चालीनंतर ती किती उरली, कोणती चाल अधिक चांगली होती, हे रंगांनी आणि आलेखांनी दाखवले जाईल. चूक लाल, बरी चाल पिवळी, उत्तम चाल हिरवी.

आमच्या गावाशी मुकुंदराजांचे नाव जोडलेले आहे. त्यांची म्हणून समाधी येथे दाखवतात. शके १११० म्हणजे ११८८ साली लिहिलेला ‘विवेकसिंधु’ हा मराठीतला आद्य ग्रंथ मानला जातो. संस्कृतात जे होते ते त्यांनी मराठीत समजावून सांगावयास घेतले. पुढे ज्ञानेश्वरांनी गीतेवर टीकाच लिहिली. आपल्या परंपरेत ज्ञानाचे दोन भाग स्पष्ट ओळखलेले आहेत : सूत्र आणि भाष्य. सूत्र थोडक्यात निर्णय सांगते. तो निर्णय का, कोणत्या परिस्थितीत, त्याला आक्षेप कोणते आणि त्यांचे निरसन काय, हे भाष्य सांगते. सूत्र पाठ करता येते. समजते ते भाष्यामुळे.

यंत्र देते ते सूत्र आहे. “येथे खडा ठेव, ठेवला नाहीस तर तुझा सव्वा घराचा तोटा.” हे सूत्र अतिशय अचूक असते, आजवर कोणत्याही माणसाने दिले नसेल इतके अचूक. पण ते का, याचे उत्तर यंत्राजवळ नाही. विचारले तर ते पुढच्या वीस-पंचवीस चालींची मालिका दाखवते. त्या मालिकेतील प्रत्येक चालीला पुन्हा ‘का’ लागतोच. विकतचे प्रोग्रॅम या सूत्राला रंग देतात, आलेख देतात, सुबक अक्षरांत छापतात. मात्र सूत्र सोनेरी शाईने लिहिले म्हणून त्याचे भाष्य होत नाही. माझा मुख्य आक्षेप हाच आहे. भाष्याचे पैसे घेऊन सजवलेले सूत्र हाती दिले जाते.

हा आक्षेप केवळ तात्त्विक नाही. नुकताच शिकू लागलेला मुलगा खेळताना कोठे हरतो हे पाहावे. त्याचे आठ-दहा खडे शत्रूने घेरलेले असतात, शेवटची एकच वाट उरलेली असते आणि ते त्याच्या लक्षात येत नाही. एका चालीत तो चाळीस घरे गमावतो. यंत्र हे सांगते, यात शंका नाही. पण त्याच डावातल्या तिसऱ्या चालीला अर्ध्या घराचा तोटा झाला हेही ते तितक्याच गंभीरपणे सांगते. मुलाला तिसरी चाल आवडते, कारण ती पटाच्या कोपऱ्यात सुटी असते, लक्षात राहते आणि चारचौघांत सांगता येते. चाळीस घरांचा घात ज्या गुंत्यात झाला तो गुंता समजून घेण्यास कष्ट पडतात. तो अर्ध्या घराचे ज्ञान घेऊन उठतो आणि चाळीस घरांचे अज्ञान तसेच ठेवतो.

जगभरच्या हौशी खेळाडूंत याचे एक ठळक उदाहरण पाहावयास मिळते. कोपऱ्यात शत्रूचा खडा चौथ्या रेघांच्या छेदावर असेल तर त्याच्या पोटात, तिसऱ्या रेघांच्या छेदावर, डावाच्या आरंभीच घुसणे हे पूर्वी उतावळेपणाचे लक्षण समजले जाई. कारण असे होते की, कोपरा मिळाला तरी बाहेर शत्रूची भिंत उभी राहते. ‘आल्फागो’ आणि त्याच्या वंशजांनी ही चाल सर्रास खेळून दाखवली. तेव्हापासून हौशी माणूसही ती खेळतो. यंत्राला त्या भिंतीचे बळ पुढच्या शंभर चालींत कसे निकामी करावयाचे ते ठाऊक आहे. हौशी माणसाला ते ठाऊक नाही. तो फक्त घुसतो. ‘का’ विचारले तर म्हणतो, “यंत्र असेच खेळते.”

या उत्तरापाशी मला थांबावेसे वाटते. “पोथीत असे लिहिले आहे” या उत्तराशी महाराष्ट्रातील विचारी माणसे शे-दीडशे वर्षे झगडत आली. ग्रंथप्रामाण्य सोडा, आपल्या बुद्धीला पटेल ते स्वीकारा, असे आपण मुलांना सांगत आलो. आणि आता बुद्धीच्या म्हणून नावाजलेल्या खेळातच एक नवे प्रामाण्य येऊ पाहत आहे. फरक एवढाच की, पोथीचे म्हणणे पुष्कळदा चुकीचे असे आणि यंत्राचे पुष्कळदा बरोबर असते. बरोबर असलेल्या प्रामाण्याशी झगडणे अधिक अवघड आहे. पण मुलाच्या मनाचे जे व्हावयाचे ते दोन्हींत सारखेच होते. ते विचारावयाचे थांबते.

आणि हे प्रामाण्य अभंग आहे असेही नाही. २०२३ साली केलिन पेल्रीन या अमेरिकेतील हौशी खेळाडूने ‘काटागो’वर बेतलेल्या बलाढ्य यंत्राला पंधरांपैकी चौदा डावांत हरवले. संशोधकांनी या यंत्रांचे मर्म हुडकण्यासाठी दुसरे एक यंत्र तयार केले होते. युक्ती त्याने शोधली आणि पेल्रीन यांनी ती स्वतः शिकून अमलात आणली. ती अशी : यंत्राच्या खड्यांच्या एका मोठ्या साखळीभोवती सावकाश वेढा घालावयाचा आणि मधून मधून दुसऱ्या कोपऱ्यात खेळून त्याला गुंतवून ठेवावयाचे. वेढा पूर्ण होत आला तरी यंत्राला धोका कळत नाही. देवळाच्या ओट्यावर वाघबकरी खेळणाऱ्या पोराला जे दिसले असते ते त्या सर्वज्ञाला दिसले नाही.

४

आता आपल्या घरच्या उदाहरणाकडे वळू. ‘गो’ महाराष्ट्रात रुजलेला नाही. बुद्धिबळ रुजले आहे. त्याच्या इतिहासात यंत्राचे स्थान काय हे पाहणे उद्बोधक ठरेल. १९५५ साली एलुरूला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. तीत रामचंद्र सप्रे संयुक्त विजेते झाले. १९७४ साली महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा मुंबईच्या वासंती खाडिलकर यांनी जिंकली. त्यांच्या भगिनी जयश्री आणि रोहिणी यांनीही तो मान पुढे मिळवला; रोहिणी खाडिलकर १९८१ साली आशियाई विजेत्या झाल्या. सांगलीच्या नूतन बुद्धिबळ मंडळाने आणि भाऊसाहेब पडसलगीकर यांनी वर्षानुवर्षे स्पर्धा भरवून त्या गावाला बुद्धिबळाचे गाव केले. या सर्व काळात उपयोगी पडेल असे यंत्र कोणाच्या घरी नव्हते. होती ती पुस्तके, वर्तमानपत्रांतील सदरे आणि समोर बसणारी माणसे.

आजची पिढी निराळी आहे. नाशिकचे विदित गुजराथी किंवा जुलै २०२५ मध्ये बातुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झालेल्या नागपूरच्या दिव्या देशमुख, या पिढीला यंत्राशिवाय तयारी करणे शक्य नाही. पण हेच यंत्र, ‘स्टॉकफिश’ नावाचे, ‘काटागो’सारखेच फुकट आणि उघडे आहे. ते जसे नागपूरला मिळते तसेच ते बीडलाही मिळते. यंत्राने ग्रँडमास्टर घडत असते तर ते साऱ्या तालुक्यांत सारखेच घडले असते. नागपूर, नाशिक, सांगली यांच्याजवळ जे आहे आणि आमच्याजवळ नाही ते यंत्र नव्हे. ती बैठक आहे. आठवड्यातून एकदा वीस-पंचवीस माणसे एकत्र येतात, त्यांतली चार आपल्याहून थोडी सरस असतात, डाव संपल्यावर दोघे मिळून तो पुन्हा मांडतात आणि “येथे तू घाबरलास” असे एकजण दुसऱ्याला सांगतो. हे ‘घाबरलास’ कोणत्याही आलेखात उमटत नाही.

विकतचे आणि फुकटचे यांच्या संबंधावर बुद्धिबळातच एक बोलका खटला झाला. ‘चेसबेस’ या जर्मन कंपनीने २०२१ साली ‘फॅट फ्रिट्झ २’ नावाचा प्रोग्रॅम विक्रीस आणला. ‘स्टॉकफिश’च्या निर्मात्यांचे म्हणणे असे की, हा बहुतांशी आमचाच प्रोग्रॅम आहे आणि गिऱ्हाइकाला तसे नीट सांगितलेले नाही. त्यांनी म्युनिकच्या न्यायालयात दावा लावला. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये तडजोड झाली आणि ‘स्टॉकफिश’ अंतर्भूत असलेले आपले प्रोग्रॅम विकणे थांबवण्याचे कंपनीने मान्य केले. येथे एक बारकावा ध्यानात घेतला पाहिजे. ‘स्टॉकफिश’चा परवाना विक्रीला मनाई करीत नाही. ज्याचे आहे त्याचे नाव सांगा आणि त्याची घडण गिऱ्हाइकालाही द्या, एवढीच अट आहे. म्हणजे फुकटची वस्तू विकणे हा गुन्हा नाही. ती फुकट मिळते हे झाकणे वाईट. गिऱ्हाइकाने विचारावयाचा पहिला प्रश्न यातून मिळतो : या डब्यातले मूळ यंत्र कोणाचे?

५

एवढे झाल्यावर सगळेच विकतचे टाकाऊ, असा निष्कर्ष कोणी काढील. मला तसे म्हणावयाचे नाही. तीन गोष्टींसाठी पैसे देणे मला रास्त वाटते.

पहिली गोष्ट दळणाची. यंत्राला खोल विचार करावयाचा तर चित्रे रंगवणारे महाग कार्ड असलेला संगणक लागतो. तो घरी नसेल तर दूरच्या मोठ्या संगणकावर आपला डाव तपासून देणाऱ्या सेवा आहेत. त्या वेळाचे भाडे घेतात. हा व्यवहार सरळ आहे. धान्य आपले, जाते त्याचे. गिरणीवाल्याला दळणाचे पैसे देण्यात अपमान नाही. मात्र हे दळण कोणाला लागते? जो स्पर्धांत उतरला आहे, ज्याला अर्ध्या घराचा फरक पडतो, त्याला. शिकाऊ मुलाला नव्हे. त्याच्या फोनवर चालणारे फुकट यंत्रही त्याच्या गरजेच्या कितीतरी पुढे आहे.

दुसरी गोष्ट संग्रहाची. ‘स्मार्टगो’सारख्या प्रोग्रॅममध्ये व्यावसायिकांचे लाखावर डाव वर्गवारी करून ठेवलेले असतात आणि जाणत्यांची पुस्तके अशा रीतीने घातलेली असतात की, आकृतीतली प्रत्येक चाल पटावर खेळून पाहता येते. येथे आपण यंत्राला नव्हे, ग्रंथपालाला आणि ग्रंथकाराला पैसे देतो.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट भाष्याची. कागेयामा तोशिरो हे हौशी खेळाडूंतून व्यावसायिक झालेले जपानी गृहस्थ. ‘लेसन्स इन द फंडामेंटल्स ऑफ गो’ हे त्यांचे पुस्तक इंग्रजीत १९७८ साली आले. त्याच्या आरंभीच शिडी आणि जाळे यांचे प्रकरण आहे; खडा पकडण्याचे हे अगदी प्राथमिक प्रकार. मोठ्या खेळाडूने एवढ्या साध्या गोष्टीपासून आरंभ केला, कारण हौशी माणूस कोठे अडतो हे त्याला स्वतः चालून गेलेल्या वाटेमुळे ठाऊक होते. यंत्र ती वाट चाललेले नाही. पुस्तक जुने आहे आणि त्यातल्या काळच्या काही आरंभीच्या चाली आज मागे पडल्या आहेत. तरी शिकाऊ माणसाला ते विकतच्या कोणत्याही आलेखापेक्षा अधिक देते. ते इंग्रजीत आहे ही खरी अडचण. मराठी शाळेत शिकणाऱ्या मुलाला ‘गो’ समजावून देणारे मराठी पुस्तक जो लिहील आणि विकील, त्याला मी आनंदाने पैसे देईन.

एक आक्षेप मला गंभीरपणे घ्यावासा वाटतो. कोणी म्हणेल, तुमच्या बैठकीच्या गोष्टी सांगलीला ठीक आहेत. ज्याच्या गावी दुसरा गडीच नाही त्याने काय करावे? यंत्र निदान सोबत तरी करते. हा आक्षेप खरा आहे. त्यातले एकटेपण मला परिचयाचे आहे. बलाढ्य यंत्राशी खेळणे ही सोबत नव्हे, तो नित्याचा पराभव आहे. आणि दुबळे केलेले यंत्र मध्येच एखादी वेडगळ चाल खेळून मुद्दाम हरते. त्या विजयाचा आनंद होत नाही. २०२४ साली ‘काटागो’लाच एक जोड मिळाली. माणसांच्या असंख्य डावांवरून तयार केलेले हे यंत्र अमुक पातळीचा माणूस जसा खेळेल तसे खेळते, त्याच्यासारख्या चुकाही करते. तेही फुकट आहे. शिवाय संगणकजाळ्यावर जिवंत माणसांशी खेळण्याच्या जागा आहेत. त्यांनाही पैसे लागत नाहीत. म्हणजे एकटेपणावरचा जो उपाय यंत्र करू शकते तोही विकत घ्यावा लागत नाही. जो उपाय यंत्र करू शकत नाही, तो विकत मिळत नाही.

सबब माझा सल्ला असा. मूल शिकाऊ असेल तर सॉफ्टवेअर घेऊ नका. पुठ्ठ्यावर नऊ उभ्या आणि नऊ आडव्या रेघा ओढा. आरंभ लहान पटावरच करावा अशी रीत आहे. एका बाजूला चिंचोके आणि दुसऱ्या बाजूला पांढरे खडे घ्या. शेजारचे एक मूल बोलवा. दोघे मिळून शंभर डाव हरतील-जिंकतील तेव्हा फुकटचे यंत्र उघडा आणि त्याला एका डावात एकच प्रश्न विचारा : सगळ्यांत मोठी चूक कोणती? ‘का’ याचे उत्तर मुलांना आपसात शोधू द्या. काही हजार रुपये खर्च करण्याची ऐपत असेल तर त्यांतून मुलाला छत्रपती संभाजीनगरला, पुण्याला, सांगलीला स्पर्धेसाठी नेऊन आणा. एस. टी.चे भाडे आणि दोन दिवसांचे जेवण हे खेळाच्या शिक्षणावरचे सर्वांत सार्थ खर्च आहेत. आणि एवढे करून काही उरले तर ज्या हौशी माणसांनी आपले श्रम जगाला फुकट दिले त्यांना चार पैसे पाठवा. ती खरेदी नव्हे, ऋण फेडणे आहे.

हा अंक वाचकांच्या हाती पडेल त्या सुमारास आमच्या जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघालेल्या असतील. त्यांच्याबरोबर जाणाऱ्या मुलांच्या हातीही आता बापाचा फोन असतो आणि त्या फोनवर जगातला सर्वश्रेष्ठ ‘गो’ खेळाडू फुकट उतरवून घेता येतो. यात मला खरोखर आशा दिसते. इतकी मोठी विद्या इतक्या खालच्या पायरीपर्यंत विनामूल्य पोचल्याची उदाहरणे इतिहासात फार नाहीत. पण कोपीवर पोचलेली विद्या तेथे उलगडून सांगणारे कोणी नसेल तर ती नुसती पोचते, कळत नाही. सूत्र आता कोपीच्या दारापर्यंत आले आहे. भाष्यकार मात्र अजून गावातच बसले आहेत, आणि त्यांत मीही आहे.